मायनस एटीचं दार उघडण्याआधी

१ जुलै २०१४. अमेरिकेत बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या आवारात एका जुन्या प्रयोगशाळेची शीतखोली आवरायचं काम चाललं होतं. कोपऱ्यातली पुठ्ठ्याची खोकी उघडली, तर कापसात बसवलेल्या काचेच्या कुप्या निघाल्या. त्यातल्या सहांवर देवीच्या विषाणूचं नाव होतं आणि साल १९५४. देवी जगातून गेल्याचं १९८० मध्ये जाहीर झालं होतं. तिचा विषाणू ठेवायची मुभा अटलांटा आणि रशियातलं कोल्त्सोवो या दोनच ठिकाणी होती. इथे मात्र साठ वर्षं खोकं पडून होतं आणि कुठल्याच यादीत त्याचा पत्ता नव्हता. तपासल्यावर सहापैकी दोन कुप्यांमधला विषाणू अजून वाढत होता.

विषाणू प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्या मुलामुलींना मी आधी हीच गोष्ट सांगते. त्यांना बघायचा असतो तो हवेने फुगलेला पांढरा सूट. तो सूट फार थोड्यांच्या नशिबी येतो. बाकी सगळ्यांचे दिवस लेबल, पेन, हायपोक्लोराइट (क्लोरीनचं जंतुनाशक) आणि हात धुणं यातच जातात. हा लेख त्या बाकी सगळ्यांसाठी आहे. तुमच्या संस्थेची लेखी कार्यपद्धती, म्हणजे एसओपी, याहून वेगळं काही सांगत असेल तर तिचंच ऐका.

आधी खोली ओळखा

सुरुवातीला दोन गोष्टींची गल्लत हमखास होते. 'जोखीम गट' असतो विषाणूचा आणि 'जैवसुरक्षा पातळी', म्हणजे आपली बीएसएल, असते खोलीची आणि कामाची. त्यामुळे एकाच विषाणूसाठी दोन वेगळ्या खोल्या लागू शकतात. कोविडच्या काळात आरटी-पीसीआरची तपासणी बीएसएल-२ मध्ये होत होती, पण तोच विषाणू पेशींवर वाढवायचा तर बीएसएल-३ मध्ये जावं लागे. कारण सरळ आहे. वाढवलेल्या विषाणूचं प्रमाण रुग्णाच्या नमुन्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

बीएसएल-२ मध्ये जैवसुरक्षा कॅबिनेट, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), मर्यादित प्रवेश आणि दारावर जैवधोक्याचं चिन्ह असतं. बीएसएल-३ ला दोन दारं असतात. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा कमी ठेवलेला असतो, म्हणजे दार उघडलं तरी हवा आतच ओढली जाते आणि बाहेर पडणारी हवा हेपा या बारीक कण अडवणाऱ्या फिल्टरमधून जाते. बीएसएल-४ मध्ये तो सूट, बाहेर पडताना रसायनाचा शॉवर आणि सांडपाण्याचंही निर्जंतुकीकरण. पुण्यात पाषाणला राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या आवारात अशी प्रयोगशाळा आहे. निपाह, क्रायमिअन-काँगो यांच्यासारख्या विषाणूंचं काम तिथे चालतं.

हीच संस्था १९५२ साली विषाणू संशोधन केंद्र म्हणून सुरू झाली. १९५७ मध्ये कर्नाटकातल्या शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात माकडं मरायला लागली आणि माणसं तापाने फणफणली, तेव्हा केएफडीचा, म्हणजे क्यासनूरच्या त्या तापाचा, विषाणू शोधला तो पुण्याच्याच माणसांनी. तेव्हा ना बीएसएलचे आकडे होते ना हेपाची कॅबिनेटं. त्या कामात प्रयोगशाळेतल्या लोकांनाही लागण झाली. आज आपण ज्या नियमांना कंटाळतो, त्यातला बराच भाग अशा आजारपणांतून आलेला आहे.

पहिला आठवडा: कशालाही हात न लावता

रुजू झाल्यावर वैद्यकीय तपासणी होईल आणि रक्त घेतील. त्यातला थोडा सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा पातळ भाग, जपून ठेवतात. पुढे कधी संसर्गाची शंका आली, तर 'आधी' आणि 'नंतर'ची तुलना करायला तो लागतो. हिपॅटायटिस बीची लस झाली नसेल तर ती आधी पूर्ण करा. रेबीजच्या नमुन्यांवर काम असेल तर त्याची पूर्वलस घ्या. गर्भारपण, स्टिरॉइडची औषधं, दम्याचा त्रास असं काही असेल तर संस्थेच्या डॉक्टरांना सांगा. मार्गदर्शकांना सगळं सांगायलाच हवं असं नाही, पण डॉक्टरांना नक्की सांगा.

मग एन-९५ ची फिट टेस्ट. डोक्यावर टोपडं घालून आत सॅकरिनचा फवारा मारतात. मास्क लावूनही जिभेला गोड लागलं, तर तो मास्क तुमच्या चेहऱ्याला बसत नाही. दाढी असेल तर बसणारच नाही. यावरून दरवर्षी कुणीतरी रुसतं. दाढी ठेवायची असेल तर हवा पुरवणारा हूडवाला श्वसनसंच मिळतो का विचारा. दाढीवर मास्क आवळून भागत नाही.

अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, लांब मंगळसूत्र बाहेर लॉकरमध्ये. राखी आणि मनगटावरचा पूजेचा दोरासुद्धा. दोरा ओलावा धरून ठेवतो आणि ग्लोव्हजची कड त्यावर नीट बसत नाही. मोबाइल आत न्यायचा नाही. हा नियम सगळ्यात जास्त मोडला जातो आणि मोडणारे बहुतेक वेळा आमच्यासारखे जुनेच असतात.

कपडे चढवणं सोपं, उतरवणं अवघड. ज्याला घाण लागली असण्याची शक्यता जास्त, ते आधी उतरवायचं. चेहऱ्यावरचा मास्क सगळ्यात शेवटी, तोही बंदाला धरून, समोरच्या भागाला हात न लावता. प्रत्येक टप्प्यावर हात निर्जंतुक करायचे. सरावासाठी घरी एक करून बघा. ग्लोव्हज घालून त्यावर चिमूटभर कुंकू चोळा आणि मग काढा. मनगटावर, बाहीवर कुठे लाल दिसलं ते मोजा. पहिल्या पाच-सहा वेळा लाज वाटेल एवढं दिसतं.

कॅबिनेट: 'लॅमिनार' म्हटलं की आधी विचारा, कोणतं?

आपल्याकडे उभ्या पेटीसारख्या दिसणाऱ्या प्रत्येक यंत्राला 'लॅमिनार' म्हणायची पद्धत आहे. इथे ती घातक ठरू शकते. आडव्या प्रवाहाचं क्लीन बेंच स्वच्छ हवा मागून पुढे, म्हणजे थेट तुमच्या तोंडावर फेकतं. ते नमुन्याला वाचवतं, तुम्हाला नाही. त्यात विषाणूचा नमुना उघडणं म्हणजे तो स्वतःवर उडवून घेणं. आपल्याला हवं असतं क्लास-२ चं जैवसुरक्षा कॅबिनेट. ते समोरच्या फटीतून खोलीतली हवा आत खेचतं, वरून गाळलेली हवा कामाच्या जागेवर सोडतं आणि बाहेर जाणारी हवा पुन्हा हेपातून गाळतं. हेपा म्हणजे ०.३ मायक्रॉनचे निदान ९९.९७ टक्के कण अडवणारा फिल्टर.

हे संरक्षण काचेचं नसतं, हवेच्या पडद्याचं असतं. तो किती नाजूक आहे हे बघायला टिश्यूची बारीक पट्टी काचेच्या खालच्या कडेशी धरा. ती आत ओढली जाताना दिसेल. आता शेजारून कुणाला तरी झपझप चालायला सांगा आणि पट्टीकडे बघा. एवढ्यावरून बाकीचे नियम आपोआप समजतात.

पंखा सुरू करून पाच मिनिटं थांबायचं. लागणारं सगळं सामान आधीच आत ठेवायचं, म्हणजे हात सारखे आतबाहेर होत नाहीत. हात सरळ आत न्यायचे, झाडू मारल्यासारखे आडवे नाही. आत गेल्यावर मिनिटभर थांबायचं. पुढच्या जाळीवर वही, टिपबॉक्स, कोपर काही टेकवायचं नाही. त्या जाळीवर ठेवलेली एक वही अख्खा पडदा फाडते. काम जाळीपासून निदान चार इंच आत. स्वच्छ सामान एका बाजूला, नमुना मधे, कचऱ्याचं भांडं दुसऱ्या बाजूला, आणि हालचाल नेहमी स्वच्छाकडून घाणीकडे. वापरलेलं पिपेट बाहेरच्या डब्यात टाकायला हात काढायचा नाही. बर्नर पेटवायचा नाही. ज्वाळेची गरम हवा प्रवाह बिघडवते आणि स्पिरिटच्या जवळ तर आगच.

यूव्ही दिवा लावला म्हणजे झालं, असं समजू नका. धुळीच्या थराखाली आणि सावलीत तो काही करत नाही. पुसून घेतल्याशिवाय निर्जंतुकीकरण नाही. वर्षातून एकदा कॅबिनेटची प्रमाणित तपासणी व्हायला हवी. यंत्रावर तपासणीची तारीख असते, ती वाचा. उलटून गेली असेल तर काम सुरू करण्याआधी विचारा. नवीन माणसाने विचारलं की जुन्यांना राग येतो, पण चिठ्ठी लगेच बदलली जाते.

फ्रीझर, जिथे खरी साठवण असते

इथे मी जरा रेंगाळणार आहे. विषाणू उणे ८० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये किंवा उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये वर्षानुवर्षं टिकतो. आपल्या आठवणी एवढ्या टिकत नाहीत. तरी लोक आठवणीच्या भरवशावर वायल, म्हणजे नमुन्याच्या छोट्या कुप्या, ठेवतात.

माझ्या नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका फ्रीझरचा कॉम्प्रेसर बंद पडला. रात्रीतून सगळे रॅक दुसरीकडे हलवायचे होते. तळाच्या खोक्यात बारा वायल सापडल्या. प्रत्येकीवर दोन इंग्रजी आद्याक्षरं आणि एक 'पी'. 'पी' म्हणजे पॉझिटिव्ह, पॅसेज (विषाणू पेशींवर कितव्यांदा वाढवला तो आकडा) की पेशंट? ती आद्याक्षरं ज्यांची, ते निवृत्त होऊन गेलेले. शेवटी फोन लावला तर तेही म्हणाले, "बघावं लागेल." अशा वायलला सगळ्यात वाईट विषाणू धरूनच हाताळावं लागतं. आम्ही नोंद करून, दोन साक्षीदारांसमोर ऑटोक्लेव्ह केल्या. त्यात काय होतं हे आता कुणालाच कळणार नाही.

म्हणून पहिल्या दिवसापासून हे पाळा. लेबल छापील आणि गोठलं तरी न सुटणारं. साध्या मार्करची शाई स्पिरिटचा हात लागला की जाते. लेबलवर विषाणूचं पूर्ण नाव, नमुना क्रमांक, पॅसेज, तारीख आणि जबाबदार माणूस. बारकोड असला तरी डोळ्यांनी वाचता येईल असं काहीतरी हवंच, कारण वीज गेल्यावर स्कॅनरही जातो. नोंद दोन ठिकाणी: नोंदवहीत आणि संगणकावर. फ्रीझर, रॅक, खोकं, घर अशी जागा लिहा. वायल काढली, वापरली, परत ठेवली, नष्ट केली, या प्रत्येक वेळी सही. जास्त धोक्याच्या विषाणूंसाठी सही दोघांची आणि कुलूपही. वर्षातून निदान एकदा खोकी बाहेर काढून प्रत्यक्ष मोजणी करा आणि आकडा यादीशी जुळवा. न जुळल्यास त्याच दिवशी जैवसुरक्षा अधिकाऱ्यांना कळवा. 'उद्या नीट बघू' म्हणून ते ठेवून देऊ नका.

यादीत नाव नसलेलंही खोक्यात असू शकतं. २०१५ मध्ये पोलिओचा जंगली प्रकार-२ जगातून संपल्याचं जाहीर झालं, तेव्हा जगभरच्या प्रयोगशाळांना आपले फ्रीझर धुंडाळायला सांगितलं गेलं. त्यात फक्त पोलिओवर काम करणाऱ्याच नव्हत्या. जुलाबाच्या इतर विषाणूंसाठी गोळा केलेल्या जुन्या शौचनमुन्यांतही पोलिओ असू शकतो. तुमचा रोटाव्हायरसचा जुना साठा म्हणूनच 'साधा' नसतो.

द्रव नायट्रोजनचं भांडं वेगळी काळजी मागतं. वायलचं झाकण सैल असेल तर द्रव आत शिरतो आणि बाहेर काढताच त्याची वाफ होऊन वायल फुटते. म्हणून शक्यतो द्रवात न बुडवता वरच्या वाफेत ठेवायचं. असं ठेवल्याने एका नमुन्यातलं दुसऱ्यात जाण्याची शक्यताही कमी होते. लंडनमध्ये १९९० च्या दशकात एका टाकीत ठेवलेल्या पिशव्यांमधून हिपॅटायटिस बी पसरल्याचं उघड झालं होतं. काढताना चेहऱ्यावर शील्ड, हातात जाड क्रायो ग्लोव्हज आणि पायात बंद बूट. एक लिटर द्रवाचा साधारण ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायू हुसकावून लावतो, आणि त्याला ना रंग ना वास. ऑक्सिजनचा अलार्म वाजला की खोलीबाहेर. आत पडलेल्या सहकाऱ्याला ओढायला एकट्याने धावू नका. अशाने दुसराही तिथेच पडतो.

'मेलेला' विषाणू

२००४ च्या वसंतात बीजिंगमध्ये सार्सच्या विषाणूने प्रयोगशाळेतून माणसांत शिरकाव केला. एकूण नऊ जण आजारी पडले. त्यातल्या एका संशोधक मुलीची शुश्रूषा करणारी तिची आई मरण पावली. विषाणू निष्क्रिय झाला असं धरून काम केलं गेलं होतं आणि तो पुरता निष्क्रिय झालेला नव्हता. २०१४ मध्ये अटलांटातही हेच घडलं, फक्त जिवाणू अँथ्रॅक्सचा होता. निष्क्रिय समजून नमुने खालच्या पातळीच्या प्रयोगशाळांत गेले आणि कित्येक कर्मचाऱ्यांना औषधं घ्यावी लागली.

तुम्हाला रोज लागणारी कृती हीच आहे. बीएसएल-३ मधून काहीही बाहेर काढायचं तर ते आधी निष्क्रिय करायचं. उष्णता असो, लायसिस बफर (पेशी आणि विषाणू फोडणारं द्रावण) असो की फॉर्मालिन, ती पद्धत तुमच्याच विषाणूवर, तुमच्याच प्रमाणात आणि तेवढ्याच वेळेत सिद्ध झालेली आहे का, हे विचारा. पेशींवर टाकून काही वाढत नाही हे कागदावर दाखवता आलं पाहिजे. दुसऱ्या लॅबमध्ये चालतं, हे उत्तर नाही.

याच्या शेजारचीच चूक म्हणजे एकाच बैठकीत दोन विषाणू. २००३ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरमध्ये एक विद्यार्थी वेस्ट नाइल या विषाणूवर काम करत होता. त्याच्या नमुन्यात सार्सचा विषाणू मिसळलेला होता. त्याला सार्स झाला. एका वेळी एकच विषाणू आणि मधे पूर्ण पुसणं, या नियमात तडजोड नाही.

हायपो, ऑटोक्लेव्ह आणि पिशव्या

बाजारात मिळणारं हायपोक्लोराइट साधारण ४ ते ५ टक्क्यांचं असतं. ४ टक्क्यांचं असेल तर त्याच्या एका भागात तीन भाग पाणी घातलं की १ टक्का. रोज ताजं करा आणि बाटलीवर तारीख लिहा. एप्रिल-मेच्या उन्हात उघड्या बाटलीतला क्लोरीन भराभर उडून जातो. ओतलं की लगेच पुसायचं नाही, ठरलेला वेळ ओलंच राहू द्यायचं. स्टीलवर ते गंज आणतं, म्हणून नंतर पाण्याने पुसा. आम्ल मिसळू नका. हायपो असलेलं भांडं ऑटोक्लेव्हमध्ये घालू नका. दोन्हींतून विषारी वायू निघतो. ७० टक्के अल्कोहोल सार्स, डेंग्यू यांच्यासारख्या मेद-आवरणाच्या विषाणूंवर चांगलं चालतं. पोलिओसारख्या बिनआवरणाच्या विषाणूंवर त्याची भिस्त ठेवू नका.

ऑटोक्लेव्हची पट्टी काळी झाली म्हणजे बाहेरून उष्णता लागली, इतकंच. पिशवीच्या मध्यापर्यंत १२१ अंश पोचले का, हे आत ठेवलेल्या, उष्णतेला चिवट बीजाणूंच्या कुपीवरून कळतं. पिशवी गच्च भरून तोंड आवळलं तर वाफ आत जातच नाही. भारताच्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे सूक्ष्मजीव प्रयोगशाळेचा कचरा आधी जागेवरच निर्जंतुक करून मग पिवळ्या पिशवीतून जातो. सुया पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात, काच निळ्यात.

सांडपाणी हा विसरला जाणारा रस्ता. २००७ मध्ये इंग्लंडच्या पिरब्राइटमध्ये लाळ-खुरकताचा विषाणू गळक्या ड्रेनेजमधून बाहेर गेला आणि आसपासच्या गाईगुरांत साथ पसरली. बेसिनमध्ये कल्चर, म्हणजे विषाणू वाढवलेलं द्रावण, ओतताना पाइप कुठे जातो ते माहीत हवं.

सांडलं तर

ओरडून सांगा. लपवू नका. कॅबिनेटच्या आत सांडलं तर कॅबिनेट बंद करायचं नाही; चालूच ठेवून आतच साफ करायचं. बाहेर सांडलं, विशेषतः बीएसएल-३ मध्ये, तर श्वास रोखून सगळ्यांनी बाहेर यायचं, दार लावायचं, चिठ्ठी लावायची आणि तुषार खाली बसेपर्यंत निदान अर्धा तास थांबायचं. मग पूर्ण पोशाखात आत जाऊन टिशू पेपर अंथरायचे आणि हायपो कडेकडून मधे ओतायचं, नाहीतर ते पसरतं. वीस-तीस मिनिटं थांबायचं. काच चिमट्याने उचलायची, हाताने कधीच नाही. स्पिल किट, म्हणजे सांडलेलं साफ करायचं सामान, कुठे आहे आणि त्यातल्या हायपोची तारीख काय, हे आजच बघून या.

नमुना दुसरीकडे पाठवायचा असेल तर तीन थरांचं वेष्टन लागतं: गळणार नाही अशी नळी, मधे सगळं शोषून घेणाऱ्या सामग्रीसह दुसरा डबा आणि वरून कडक खोकं. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) हवाबंद डब्यात घालू नका, त्याचा वायू होऊन डबा फुटतो. पाकीट बांधणाऱ्याचं प्रशिक्षण झालेलं असावं लागतं, म्हणून पहिलं पाकीट तुम्ही एकट्याने बांधू नका.

सुई आणि ताप

सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा. पिळू नका, बोट तोंडात घालू नका. ते सवयीने आपोआप घडतं, म्हणून सांगते. डोळ्यात उडालं तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने. मग लगेच कळवा. काम संपेपर्यंत वाट बघू नका. २००४ मध्ये रशियात एका शास्त्रज्ञ बाईंना इबोलाच्या कामात सुई टोचली आणि त्यांचा मृत्यू झाला. वापरलेल्या सुईवर टोपण परत बसवू नका, आणि सुईशिवाय होत असेल तर सुई वापरूच नका.

ताप आला तर मात्र सगळ्यांचा गोंधळ उडतो. पावसाळ्यात आपल्याकडे ताप कुणालाही येतो. जवळच्या दवाखान्यात जाऊन गोळ्या घेऊन झोपायचं, हा रिवाज. १९७८ मध्ये बर्मिंगहॅममध्ये जेनेट पार्कर या वैद्यकीय छायाचित्रकार अशाच अंथरुणाला खिळल्या. त्यांची खोली देवीच्या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर होती. अंगावरचं पुरळ आधी किरकोळ समजलं गेलं. देवी असल्याचं बरंच उशिरा कळलं आणि ११ सप्टेंबरला त्या गेल्या. विषाणू वर कसा पोचला, यावर आजही एकमत नाही.

म्हणून पाकिटात एक कार्ड ठेवा. त्यावर तुम्ही ज्या विषाणूंवर काम करता त्यांची नावं, तुमच्या संस्थेच्या जैवसुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आणि 'ताप आल्यास आधी इथे कळवा' एवढी ओळ. ते घरच्यांनाही दाखवून ठेवा. तुम्ही ग्लानीत असाल तेव्हा डॉक्टरांना ते दाखवणार तेच आहेत. आईला विषाणूचं नाव उच्चारता येणार नाही, म्हणून ते मराठीत लिहा.